बाबागाडी

घरात मूल जन्माला आलं की बाईचं बाळंतपण होतं, पुरुषाचं काहीच होत नाही. डोहाळे तिचे, डिंकाचे लाडू तिचे, शेकशेगडी तिची. झोपमोड तेवढी दोघांची. या वाटणीवर आमच्या चौक गावातल्या तरण्या बापांनी अलीकडे एक तोड काढली आहे. ते गाडी बघतात.

गाडी घेणं हा एका दिवसाचा कार्यक्रम. हार, नारळ, पेढे, फोटो, संपलं. बघणं महिनोन् महिने चालतं, आणि मी ज्याच्याबद्दल लिहायला बसलोय तो माणूस हाडाचा बघणारा आहे. त्याला पूर्वी स्वतःचं नाव होतं. बारशाला बाळाला नाव मिळालं आणि त्याच मुहूर्तावर याचं गेलं. बायको आधी नुसतं 'अहो' म्हणायची, ती आता 'अहो बाळाचे बाबा' म्हणते. किराणावाला म्हणतो, "काय बाबा, डायपर का?" तेव्हा आपणही बाबाच म्हणू.

बाबा तिशीचे. रसायनी-पाताळगंगेकडच्या एका कारखान्यात शिफ्टला जातात. लग्नाआधी त्यांची ओळख होती ती बुलेटवरून. एक्सप्रेसवेवर दुचाकीला बंदी, त्यामुळे रविवारी जुन्या हायवेने खोपोली, तिथून घाट चढून खंडाळा, भजी खाऊन परत, असा त्यांचा नेम असे. पुढे मागच्या सीटवर होणारी बायकोही येऊ लागली. लग्न पत्रिका बघून जमलं असं घरचे सांगतात. आळीतल्यांच्या मते ते भज्यांवर जमलं. नंतर तिला दिवस गेले, डॉक्टरीणबाईंनी दुचाकी बंद केली, आणि बुलेट अंगणात निळ्या ताडपत्रीखाली गेली. बाबा अधूनमधून ताडपत्री उचलून बघतात. रात्रपाळीहून आलेल्या माणसाने झोपलेल्या बाळाचं दुपटं उचलून बघावं, तसं.

बाळ आलं २०२५ च्या पावसाळ्याच्या तोंडावर. आणि बाबांच्या लक्षात आलं की आपल्या घरात आपल्याला जागा नाही. बाळंतिणीच्या खोलीत दोन आज्या, त्यातली एक तळेगावहून खास आलेली. सकाळी मालिशवाली बाई. मग धुरी, मग घुटी, मग बाळाला झोप. बाबांनी दारातून डोकावलं की तिन्ही बायका एकदम म्हणत, "बाहेरून आलायस ना? हातपाय धुऊन ये." हातपाय धुऊन येईपर्यंत बाळ झोपलेलं. त्यांच्यावर सोपवलेलं एकमेव काम म्हणजे पनवेलहून डायपर आणणं. तेही त्यांनी एक माप मोठं आणलं. आजी म्हणाली, "राहू दे, वर्षाने होतील."

अशा अवस्थेत लसीचा दिवस उजाडला. बाहेर पाऊस असा की इर्शाळगड कुठल्या दिशेला आहे हेही कळू नये. चौकला रेल्वे स्टेशन आहे, पनवेल-कर्जत मार्गावरचं. पण बाळाची तयारी होऊन बाहेर पडायची वेळ आणि आगगाडीची वेळ यांचा मेळ घालणं देवाला जमायचं नाही. शेवटी ओळखीतल्या एकाची ईको भाड्याने सांगितली. ती तासाभराने आली. एका बाजूची काच वर होत नव्हती. दोन आज्या, बाळ, बाळाची आई, छत्र्या, गरम पाण्याचा थर्मास आणि पुढे ड्रायव्हरशेजारी बाबा, असं ते लटांबर पनवेलला जाऊन आलं. परतल्यावर आजी पदराने बाळाचं डोकं पुसत म्हणाली, "तू इथे लुडबुड नको करूस. गाडीचं काहीतरी बघ."

काही माणसांना आयुष्यात दीक्षा मिळते ती अशी, पदराने डोकं पुसता पुसता.

त्या दिवसापासून बाबांच्या बाळंतपणाला सुरुवात झाली. डोळ्यांखाली काळं आलं. रात्री अडीचला बाळ रडायचं, आई उठायची आणि बाबाही उठायचे. पण त्यांच्या हातात मोबाइल, मोबाइलमध्ये कोणीतरी गाडीचा दरवाजा उघडतोय, बंद करतोय आणि आवाज कसा 'सॉलिड' येतो हे सांगतोय. बायकोने एकदा विचारलं, "हे काय बघताय?" बाबा म्हणाले, "बाळासाठीच."

त्यांचं सूत्र ठरलेलं होतं. मजा पण पाहिजे आणि उपयोग पण पाहिजे. हे वाक्य ते इतक्यांदा आणि इतक्या जणांसमोर म्हणत, की फाट्यावरचा वडापाववाला त्यांना बघून म्हणायचा, "या बाबा. मजा देऊ का उपयोग?" मजा म्हणजे थार, उपयोग म्हणजे वॅगन आर. या दोघींच्या मधे कुठेतरी आपली गाडी आहे आणि ती शोधणं हे पित्याचं कर्तव्य आहे, अशी त्यांची श्रद्धा.

गाड्या शिकायच्या तर चौकसारखं विद्यापीठ नाही. गाव जुन्या मुंबई-पुणे रस्त्यावर, आणि कर्जतला जाणारा रस्ता इथूनच फुटतो. शनिवारी सकाळी अख्खी मुंबई कर्जतच्या फार्महाउसांकडे निघते आणि आमच्या फाट्यावर येऊन चहाला थांबते. भारतात विकली जाणारी कुठलीही गाडी बघायची असेल तर शोरूमला जायची गरज नाही, पावसाळ्यातल्या एका शनिवारी चौकला उभं राहावं. बाबा उभे राहत. आधी लांबून बघत. मग जवळ जाऊन वाकून खाली बघत, कारण ग्राउंड क्लिअरन्स. मग मालकाशी बोलणं काढत, "साहेब, कशी आहे? ॲव्हरेज काय देते?" आणि शेवटी, जीव मुठीत धरून, "जरा डिकी उघडून दाखवाल का?" अंधेरीहून सहकुटुंब आलेला माणूस, अनोळखी इसमाने डिकी उघडायला सांगितल्यावर जो विचार करतो तोच करी. मग बाबा खुलासा करत, "लहान बाळ आहे हो घरी." हे ऐकल्यावर मात्र कोणीही नाही म्हणत नसे. उलट तोही बाप असला तर पाच मिनिटं आपल्या डिकीबद्दलची दुःखं सांगे.

या विद्यापीठात बाबांना मोठा धक्का बसला तो थारवाल्यांचा. ज्या गाडीसाठी ते रात्री जागत, त्या गाडीचे मालक इथे उतरून टायरला चिखल लागला म्हणून हळहळत होते. डोंगर चढायला बनवलेली गाडी, आणि साहेब फार्महाउसच्या कच्च्या रस्त्याबद्दल केअरटेकरला फोनवर झापतायत! बाबांच्या मनात पहिल्यांदा शंका आली की मजा ही गोष्ट गाडीत असते की दुसरीकडेच कुठे. पण शंका फार वेळ टिकली नाही, कारण तेवढ्यात एक लाल थार आली.

घरच्या पंचायतीत थार टिकली नाही, त्याचं कारण आजी. एका नातेवाइकाची तीन दरवाजांची थार अंगणात आली. बाबा उत्साहाने म्हणाले, "आई, बस मागे." आजीने चारही बाजूंनी फेरी मारली आणि विचारलं, "मागे जायचं कुठून?" मग पुढची सीट दुमडली गेली, आजीला दोघांनी हात दिला, पदर सांभाळत ती आत गेली, बसली. बाहेर यायला जास्त वेळ लागला. बाहेर येऊन ती एवढंच म्हणाली, "चांगली आहे. तुम्ही फिरा." या घरात 'तुम्ही फिरा' म्हणजे काय हे सगळ्यांना कळतं. बाबांनी क्षीण आवाजात पाच दरवाजांच्या थारचा, रॉक्सचा, विषय काढला. ती १५ ऑगस्ट २०२४ ला बाजारात आली तेव्हापासून त्यांच्या मोबाइलच्या पडद्यावर मागे तीच होती; बाळाचा फोटो पुढे आला तो नंतर. तेव्हा सुरुवातीची किंमतच १२ लाख ९९ हजार, वर रजिस्ट्रेशन आणि इन्शुरन्स. आजोबांनी हप्त्याचा आकडा विचारला, आणि मग बाहेर जाऊन तंबाखू मळली.

मग आला लिटरचा अध्याय. डिकीचं माप लिटरमध्ये सांगतात, आणि बाबांना ही मापं पाढ्यांसारखी पाठ झाली होती. जिम्नी २०८. अर्टिगाच्या तिन्ही ओळी उभ्या ठेवल्या तर २०९. वॅगन आर ३४१. पंच ३६६. एका संध्याकाळी ते हे सगळं म्हणून दाखवत असताना आजीने, जिने तीस वर्षं घरोघर दूध घातलं, शांतपणे विचारलं, "डिकीत काय ओतायचंय?" बाबा म्हणाले, "आई, बाबागाडी मावली पाहिजे." आता चौकमध्ये बाबागाडी चालवायची कुठे, हा प्रश्न कोणालाच पडला नव्हता. हायवेला फुटपाथ नाही, आळीत दगड, बाकी ठिकाणी गटाराची लादी. मामाने पुण्याहून भेट दिलेली ती बाबागाडी आजतागायत ओसरीवर आहे आणि तिच्यात कांदे असतात. पण गाडी तिच्या मापाने निवडायची हे ठरलेलं.

खरी अडचण सीएनजीची. पेट्रोलचे भाव बघता गॅस हवाच, यावर सासरेही सहमत होते. आणि सासऱ्यांचं मत डावलून तळेगावला जाणं अवघड. पण गॅसची टाकी बसते डिकीत, आणि मग उरलेल्या जागेत बाबागाडी सोडा, डिंकाच्या लाडवांचा डबासुद्धा तिरका ठेवावा लागतो. सासरे फोनवरून म्हणत, "जावईबापू, सामान मांडीवर घेता येतं. पेट्रोल मांडीवर घेता येत नाही." बाबांना याचं उत्तर सापडलं ते पहाटे चारला: टाटांनी २०२३ पासून एका मोठ्या टाकीऐवजी दोन छोट्या टाक्या डिकीच्या तळाखाली आडव्या घालायला सुरुवात केली आहे. पंचची डिकी त्यात ३६६ वरून २१० लिटरवर येते खरी, पण निदान सपाट राहते. ही बातमी त्यांनी बायकोला उठवून सांगितली. ती नुकती झोपली होती. या प्रसंगावर अधिक लिहीत नाही.

बायकोबद्दल मात्र लिहायला हवं. या सगळ्या गदारोळात ती फारसं बोलली नाही. बाबा टॉर्कबद्दल बोलत, ती बाळाला खांद्यावर टाकून ढेकर काढत असे. पण तिने जे दोन-तीन प्रश्न विचारले ते मी ऐकले आहेत, आणि गाड्यांचे परीक्षण करणाऱ्या एकाही पठ्ठ्याने ते विचारलेले मला आठवत नाहीत. मागे एसीचा वारा येतो का? सीटवर दूध सांडलं तर पुसता येतं का? आणि बाळाला हातात धरून दार एका हाताने उघडता येतं का, आणि पुरतं उघडतं का? गाडी निवडतो तो पुढे बसतो आणि प्रवास करतं ते मागे बसतं, ही आपल्याकडच्या सगळ्या गाडी-खरेदीची मूळ गोम आहे.

मजा आणि उपयोग यांच्याखेरीज चौकमध्ये तिसरी एक कसोटी असते, तिचं नाव कोणी उघड घेत नाही. फाट्यावर उभी केली की कशी दिसते? आमच्या भागात जमिनींना भाव आले, तेव्हापासून ही कसोटी फार कडक झाली. बाबांच्या चुलतभावाने जमिनीचा एक तुकडा विकला आणि पांढरी फॉर्च्युनर आणली. ती त्याच्या गोठ्याच्या पुढे उभी असते, कारण दारातून आत जात नाही. म्हशी तिला वळसा घालून जातात. पण दिसते! लग्नात, जत्रेत, निवडणुकीत, सगळीकडे ती गाडी आधी पोचते आणि मागाहून चुलतभाऊ. अशा गावात वॅगन आर घेऊन जायला वेगळं काळीज लागतं. नॅनोचं काय झालं ते आठवून बघा. स्कूटरवरून पावसात भिजत जाणारं चौघांचं कुटुंब बघून रतन टाटांच्या मनात ती गाडी आली. १० जानेवारी २००८ ला एक लाखाची गाडी म्हणून ती जगाला दाखवली. म्हणजे तिचा जन्मच बाळाच्या बाबांसाठी. पण सगळ्यात स्वस्त गाडी आपल्या दारात उभी राहावी, असं एकाही बाळाच्या बाबांना वाटलं नाही. उलट सुमोबद्दल आमच्याकडे अजून आदराने बोलतात. १९९४ मध्ये आलेली ती गाडी, नावात सुमंत मुळगावकरांची आद्याक्षरं घेऊन. तिच्यात अख्खं वऱ्हाड मावायचं आणि ती कुरकुरायची नाही.

आता खुर्चीचं प्रकरण. इथवर मी बाबांची थट्टा केली, पण या एका बाबतीत माझी त्यांना साथ आहे.

एके दिवशी पार्सल आलं. आत बाळाची गाडीतली खुर्ची. गाडी अजून नव्हती, खुर्ची होती. किंमत ऐकून आजीने कपाळाला हात लावला, "एवढ्यात शिसवी पाळणा आला असता." मग बाबांनी सांगितलं की ही मागच्या सीटला आयसोफिक्सच्या कड्यांत अडकवायची, बाळाचं तोंड मागच्या काचेकडे करायचं आणि पट्ट्याने बांधायचं. घरात एकदम शांतता. बाळाला बांधायचं? पाठ करून बसवायचं? आणि मांडी कशाला दिली आहे देवाने? तळेगावच्या आजी म्हणाल्या, "आम्ही यांना मांडीवरच वाढवलं." आमच्या आजी म्हणाल्या, "तुला मी पनवेलहून मिनिडोरमधून आणला, भर पावसात. पडलास का?" मिनिडोर म्हणजे रायगडची ती सहा आसनी रिक्षा, जिच्यात सहा सोडून कितीही माणसं बसतात.

बाबांनी कायदा काढला. मोटार वाहन कायद्यात २०१९ च्या दुरुस्तीने कलम १९४-बी आलं, चौदा वर्षांखालचं मूल पट्ट्याशिवाय किंवा अशा खुर्चीशिवाय नेलं तर हजार रुपये दंड. आजी म्हणाली, "चौकात पोलीस तुझ्या ओळखीचा आहे." बाबांनी २०२२ चा सप्टेंबर काढला. पालघर जिल्ह्यात चारोटीजवळ उद्योगपती सायरस मिस्त्रींची गाडी पुलाच्या कठड्यावर आदळली, ते मागे बसले होते, पट्टा लावलेला नव्हता. एवढी मोठी गाडी, एवढा मोठा माणूस, आणि गेला. यावर आजी चुळबुळली, पण हटली नाही. "माझे हात काय मोडलेत? मी घट्ट धरीन."

इथे आजोबा बोलले. आजोबांना घरात सगळे आप्पा म्हणतात. ते एसटीत ड्रायव्हर होते, पनवेल डेपोला, आणि निवृत्तीनंतर शक्यतो बोलत नाहीत. ते म्हणाले, "अर्जंट ब्रेक मारला ना, की मधल्या दांड्याला धरून उभा राहिलेला चांगला पैलवान गडी पार माझ्या केबिनपर्यंत यायचा. दोन्ही हातांनी धरलेलं असायचं त्याने." मग थोडं थांबून, "बाळाला बांधा."

इतक्या पुस्तकी प्रयत्नांनी जे झालं नाही ते एसटीच्या एका वाक्याने झालं. बाबांनी संधी साधून हेही सांगून टाकलं की ती खुर्ची पुढच्या सीटवर ठेवायची नाही, कारण तोंड मागे असलेल्या बाळाच्या पाठीवर एअरबॅग फुटली तर जीव जाईल. आप्पा म्हणाले, "पुढे मीच बसणार आहे."

तारे हाही बाबांचा आवडता विषय. गाडी आदळून बघतात आणि तारे देतात, हे कळल्यापासून ते पत्रिकेपेक्षा ताऱ्यांवर जास्त विसंबू लागले. आपल्याकडे आता भारत एनकॅप आहे, १ ऑक्टोबर २०२३ पासून. त्याआधी ग्लोबल एनकॅपवाले परदेशात गाड्या आपटत. २०१८ मध्ये नेक्सॉनला पाच तारे मिळाले, भारतीय बनावटीच्या गाडीला पहिल्यांदाच. २०२१ मध्ये पंचलाही पाच. पण बारकाईने वाचल्यावर बाबा अस्वस्थ झाले, कारण पंचचे पाच तारे मोठ्यांच्या सुरक्षेचे, लहानांच्या सुरक्षेला चार. "एक तारा कुठे गेला?" ते फाट्यावर प्रत्येकाला विचारत. आमच्या शाळेतले एक निवृत्त गुरुजी म्हणाले, "पाचातले चार म्हणजे ऐंशी टक्के. तुझे दहावीला किती होते?" तो विषय तिथे संपला.

पनवेलच्या शोरूममध्ये ट्रायल झाली तेव्हा सगळं घर गेलं होतं. आमच्याकडे गाडी एकट्याने बघून येण्याची पद्धत नाही. मुलगी बघायला जातात तसे जातात, फक्त इथे पोह्यांऐवजी मशीनची कॉफी. विक्रेता मुलगा बाबांना सर म्हणत होता आणि बघत होता आजीकडे, म्हणजे त्याला धंदा कळत होता. पंचचे दरवाजे काटकोनात उघडतात हे त्याने आजीला उघडून दाखवलं. आजी खाली वाकली नाही, वर चढली नाही, सरळ बसली. मग तिने चपला काढल्या आणि मागच्या सीटवर मांडी घालून बघितली. बसली. बाबांनी तो निकाल चेहऱ्यावरून वाचला आणि थारचा पडदा मनातल्या मनात कायमचा पाडला.

आप्पा पुढे बसले. क्लच नसलेली गाडी बघून त्यांना धक्का बसला. "मग डावा पाय काय करतो?" मुलगा म्हणाला, "काही नाही, आजोबा." आप्पांना ते पटलं नाही, वाटेत तीनदा त्यांचा डावा पाय जमिनीवर दाबला गेलेला मी मागून बघितला. मीही होतो, शेजारी म्हणून मला नेलं होतं, आणि बाबागाडी डिकीत घालून बघायची होती ती मी धरली होती. आप्पांचा प्रश्न एकच होता, जो त्यांच्या पिढीतला प्रत्येक माणूस प्रत्येक गाडीबद्दल विचारतो: "घाट चढेल का?" त्यांनी बोरघाटात पद्मिनी बघितल्या होत्या, बोनेट उघडून, वाफा सोडत, बाजूला बाटली घेऊन पाणी शोधणारा मालक. घाटाची वाट दाखवली ती शिंग्रोबा धनगराने, अशी आमच्याकडची समजूत, आणि आप्पांनी आयुष्यभर त्याच्या देवळापुढे एसटीच्या खिडकीतून नाणं टाकलं. विक्रेत्या मुलाने इंजिनाची ताकद आकड्यांत सांगितली. आप्पा म्हणाले, "आकडे नकोत. सगळे बसलेत, एसी चालू आहे, गॅसवर आहे. चढेल का?" मुलाने पहिल्यांदा कागदावरून डोळे उचलले आणि प्रामाणिकपणे सांगितलं, "चढेल आजोबा. एसी बंद केलात तर जोरात चढेल." आप्पांना हे उत्तर आवडलं. सीएनजी गाडी चढाला जरा दमते, हे त्यांना ठाऊकच होतं. खोटं बोलला असता तर गाडी गेली असती. क्लचवालीच घ्यायची, हेही तिथेच ठरलं.

मग बाबा थांबले. सगळं जमलेलं असताना थांबले, आणि लोक हसले. पंधरा ऑगस्टच्या भाषणात पंतप्रधान म्हणाले होते की दिवाळीपर्यंत जीएसटी कमी होणार. ३ सप्टेंबरला परिषदेने ठरवलं: चार मीटरच्या आतली, बाराशे सीसीपर्यंतची पेट्रोल किंवा गॅसची गाडी १८ टक्क्यांत. आधी २८ आणि वर सेस एक टक्का होता. त्याहून मोठ्या गाड्यांना सरळ ४० टक्के. लागू २२ सप्टेंबरपासून. मधे पितृपक्ष. पितृपक्षात आमच्याकडे खिळासुद्धा विकत घेत नाहीत, त्यामुळे कोणालाच घाई नव्हती. २१ ला सर्वपित्री, २२ ला घटस्थापना, आणि त्याच दिवशी नवे दर. दिल्लीत हा मुहूर्त काढणारा कोण होता माहीत नाही, पण आजीचं मत असं पडलं की त्याच्या घरी एखादी म्हातारी नक्की असेल.

२ ऑक्टोबर २०२५, दसरा. पनवेलहून गाडी निघाली ती घरी न येता सरळ महडला, वरदविनायकाच्या दारात. तिथे आधीच रांग. हार, हळदकुंकू, बोनेटवर स्वस्तिक, चाकाखाली लिंबू. बाबांनी लिंबावरून गाडी पुढे घेतली, बायको मागे बाळाच्या खुर्चीशेजारी, आणि बाळ त्या खुर्चीत पट्ट्याने बांधलेलं, मागच्या काचेकडे तोंड करून, झोपलेलं. देवळाबाहेरच्या बायका आत डोकावून म्हणत होत्या, "अगं, त्याला उलटा का बसवलाय?" आमच्या आजी, हो, आमच्याच, खिडकी खाली करून म्हणाल्या, "कायदा आहे. हजार रुपये दंड."

गाडी पांढरी आहे. सीटांवरचं प्लॅस्टिक बाबांनी अजून काढलेलं नाही, कारण दूध पुसता येतं. बायकोच्या प्रश्नाचं एवढं सोपं उत्तर एवढे दिवस समोर होतं. मागच्या काचेवर बाळाचं नाव, वर 'आई-बाबांची पुण्याई'. मजेचं काय झालं, असं मी एकदा विचारलं. बाबांनी मला घाटात नेलं, एकट्याला. दस्तुरीच्या पुढच्या एका वळणावर दुसऱ्या गिअरमध्ये गाडी घातली, एसी बंद केला आणि माझ्याकडे बघून हसले. पंधरा सेकंद. मग म्हणाले, "चला, दुधाची वेळ झाली."

खुर्चीचं मात्र भलतंच झालं. वरच्या आळीत एकाला मुलगी झाली, त्याने पनवेलच्या हॉस्पिटलातून घरी आणण्यापुरती ती मागून नेली. मग आणखी एकाने. चौकमध्ये पाळणा, परात, मोठा टोप अशा वस्तू गरजेला घरोघर फिरतात. त्यांच्यात आता ही आली. नवा बाप आला की बाबा स्वतः जाऊन बसवून देतात, कड्यांचा टक असा आवाज येईपर्यंत दाबतात, पट्टा आणि बाळ यांच्यामधे दोन बोटं जातात का ते बघतात, आणि पुढच्या सीटवर ठेवलीस तर बघ, असा दम भरतात. आता आळीतल्या बाळंतिणीच्या खोलीच्या दारातून त्यांना कोणी हातपाय धुवायला परत पाठवत नाही. सध्या खुर्ची खालच्या आळीत आहे, रविवारी परत यायची आहे. कव्हर काढून धुता येतं. धुऊन, उन्हात वाळवून द्यावं, एवढीच बाबांची अट आहे.